चिठ्ठी निघाली म्हणून नोकरी सोडायची का?

प्रश्न : सलाम ताई. मी वडगाव शेरीत राहते, जॉब हिंजवडीला, जाऊन येऊन रोज चार तास जातात. घराजवळच्या एका शाळेत अकाउंट्सला जागा निघालीये पण पगार जवळजवळ निम्मा. महिनाभर प्रार्थना करतेय. ३१ डिसेंबरच्या रात्री चर्चमध्ये वचनाचं कार्ड (बायबलची ओळ छापलेलं) काढलं त्यात 'जा' असं होतं, परवा बायबल असंच उघडून बोट ठेवलं तर 'थांबा' निघालं. मंडळीतल्या एका बहिणीला माझ्यासाठी बंद दार दिसलं म्हणे. मिस्टर म्हणतात तुझं तू ठरव. देवाची इच्छा चुकली तर काय, या विचाराने झोप लागत नाही.

उत्तर : सलाम. ते बंद दार कुठलं हो, हिंजवडीचं की शाळेचं? तेच त्या बहिणीने सांगितलेलं दिसत नाही, त्यामुळे ते तूर्तास बाजूला ठेवू.

कार्डाला माझा विरोध नाही, माझ्याही फ्रिजवर एक चिकटवलंय. पण ती कार्डं सगळ्या मंडळीसाठी एकदम छापलेली असतात, धीर यायला छान, राजीनामा टाइप करायला नाही. आणि बोट ठेवून वचन शोधणं म्हणजे बायबलचा फासा करणं, हे मी जरा कडक बोलतेय पण बोलतेच.

लोक गिदोनाची लोकर पुढे करतात, म्हणजे बायबलमधल्या गिदोनाने रात्री लोकर ठेवून 'फक्त तिच्यावर दव पडू दे' अशी देवाकडे खूण मागितली ती. शास्ते ६ नीट वाचा, काय करायचं ते देवाने त्याला आधीच सांगितलं होतं, त्याचाच विश्वास बसेना म्हणून त्याने लोकर ठेवली, तीही दोनदा, आणि दुसऱ्यांदा तर 'रागावू नकोस' म्हणत. तो काही आदर्श नाही, देवाने त्याला सांभाळून घेतलं एवढंच. यहूदाच्या जागी नवा प्रेषित म्हणून मत्थियाला घेताना चिठ्ठ्या टाकल्या त्याही दोन लायक माणसं आधी निवडून, आणि पेन्टेकॉस्टनंतर, म्हणजे पवित्र आत्मा उतरला त्या दिवसानंतर, प्रेषित परत चिठ्ठ्या टाकताना दिसत नाहीत.

मला विचाराल तर प्रेषितांची कृत्ये १६ वाचा. प्रेषित पौलाला आशियात जायला मनाई झाली, बिथुनियात जाऊ दिलं नाही, मग त्रोवसात रात्री मासेदोनियाचा माणूस दिसला. दृष्टान्त एकट्या पौलाला, पण सकाळी अर्थ लावून निघायचं ठरवलं ते सगळ्यांनी मिळून, ते पुस्तक लिहिणारा लूक तिथे 'आम्ही' लिहितो. आणि बरोबर ठिकाणी पोचल्यावर काय, तर फिलिप्पैत फटके आणि तुरुंग. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरच देवाची इच्छा, हे गणितही चालत नाही.

देवाची इच्छा म्हणून वचनात जे सरळ लिहिलंय, पवित्र राहा, सर्व स्थितीत उपकार माना (१ थेस्सल ४ आणि ५), ते दोन्ही ऑफिसांत करता येतं. बाकीच्यासाठी याकोब म्हणतो ज्ञान मागा, चिन्ह मागा असं नाही म्हणत. आणि ज्ञान म्हणजे शेवटी हिशोबच, घराचा हप्ता, मुलांची फी, ते चार तास, तुमची तब्येत. पंडिता रमाबाईंचंच बघा, केडगावची जमीन घेतली ती फळबागेसाठी, शारदा सदनाला, म्हणजे त्यांच्या विधवांच्या शाळेला, उत्पन्न हवं म्हणून. १८९६-९७ च्या दुष्काळातल्या मुली आणल्या तेव्हा पुण्यात प्लेगमुळे त्यांना ठेवता येईना, मग तीच जमीन कामाला आली. जमीन घेताना हे कुठे माहीत होतं!

रामवाडीचं सेमिनरी (फादर घडवणारी संस्था) तुमच्या घराजवळच, तिथल्या फादरांच्या जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नाशियस सोळाव्या शतकात म्हणून गेले की मन खचलेलं असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नका. ठरवता येत नसेल तर समजा हाच प्रश्न घेऊन एखादी अनोळखी बाई आलीये, तिला काय सांगाल, असंही त्यांनी सुचवलंय. आपण कॅथलिक नसलो तरी हे घ्यायला हरकत नाही. तेव्हा हिंजवडीहून दमून आल्यावर रात्री अकराला ठरवू नका, रविवारी उपासनेनंतर जेवून वगैरे मिस्टरांसोबत वही घेऊन बसा. 'तुझं तू ठरव' चालणार नाही म्हणावं, हप्ता दोघांचा आहे.

आणि शाळेकडून पगार, पीएफ, जागा कायम आहे की वर्षाची, हे सगळं लेखी घ्या, तोंडी नको, त्याशिवाय इकडे राजीनामा देऊ नका.