शेजाऱ्यांना ड्रिल मशीन, ग्राइंडर वापरायला द्यावं का? भाडं घेतलं तर चालेल का?

तुमच्याकडे ड्रिल, ग्राइंडर, शिडी असं बरंच सामान आहे, सोसायटीतले लोक सारखे मागतात, नाही म्हणवत नाही, आणि आता घरचे म्हणताहेत की निदान दिवसाला शंभर-दोनशे रुपये भाडं तरी घ्या. मी कारखान्यात मेंटेनन्सला आहे आणि घरीही हत्यारं बाळगून आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्याही दारात नेहमी येतो.

माझं मत असं, की द्यायचं तर फुकट द्या, नाहीतर देऊ नका. शेजाऱ्याकडून शंभर रुपये घेणं हा त्यातला सगळ्यात वाईट पर्याय आहे.

कारण पैसे घेतले की जबाबदारी बदलते. भारतीय करार कायदा, 1872 यात दुसऱ्याच्या ताब्यात वस्तू देण्याबद्दल कलम 148 पासून पुढे सगळं लिहिलेलं आहे. त्यातलं कलम 150 तुमच्यासाठी महत्त्वाचं. वस्तू फुकट दिली, तर तुम्हाला माहीत असलेला दोष सांगायचा, एवढंच तुमच्यावर बंधन. भाड्याने दिली, तर तुम्हाला माहीत नसलेल्या दोषामुळे झालेलं नुकसानही तुमच्या अंगावर येतं. कायद्यात उदाहरणंही दिली आहेत. घोडा खोडकर आहे हे माहीत असून न सांगता दिला आणि घेणारा पडला, तर देणारा जबाबदार. बग्गी भाड्याने दिली आणि ती धोकादायक निघाली, तर मालकाला त्याची कल्पना नसली तरी तोच जबाबदार. आता बग्गीच्या जागी तुमचं ड्रिल ठेवून बघा. केबल मशीनमध्ये शिरते तिथे आतून तार तुटत आलेली असते आणि बाहेरून काही दिसत नाही. कुणी तरी दरवेळी केबल मशीनभोवती करकचून गुंडाळून ठेवल्याचा तो परिणाम. शंभर रुपयांसाठी ही जोखीम कशाला घ्यायची?

दुसरं असं, की भाडं दिलं की माणूस वसुली करतो. दोन भोकं पाडायची असतील तर फुकट नेलेलं मशीन तासाभरात परत येतं. पैसे मोजले की तेच मशीन दिवसभर चालतं, मेहुण्याच्या घरीही जाऊन येतं. खरं तर कलम 154 प्रमाणे, ठरल्यापेक्षा वेगळा वापर केला तर नुकसानभरपाई घेणाऱ्यावर पडते, त्याने कितीही काळजी घेतलेली असो. तिथलंही उदाहरण घोड्याचंच आहे: स्वतःपुरता मागून नेला, घरातल्याला बसायला दिला, घोडा पडला, भरपाई नेणाऱ्याने द्यायची. पण समोरच्या फ्लॅटमधल्या माणसावर तुम्ही दावा लावणार आहात का? म्हणून कुठे आणि कशासाठी वापरणार, हे देतानाच विचारून घ्यायचं.

ड्रिल मी देतो. मशीन माझं, बिट (भोक पाडणारी पुढची सळई) त्यांचे. बिट झिजणारी वस्तू आहे. काँक्रीटच्या बीमला हॅमर मोड (फिरता फिरता ठोके मारण्याची सोय) न लावता जोर करत बसलं की टोक निळं पडतं आणि तो बिट संपला. आठ मिलिमीटरचा साधा बिट हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतो, तो त्यांनी आणायचा. चकची, म्हणजे बिट पकडणाऱ्या तोंडाची, चावी केबलला दोरीने बांधून ठेवा, नाहीतर पहिली तीच हरवते. देताना पाच सेकंद चालवून दाखवा आणि हॅमरची खूण कुठे आहे ते दाखवा. परत आल्यावरही त्यांच्यासमोरच चालवा, संशय म्हणून नव्हे तर रीत म्हणून. ब्रशपाशी ठिणग्या जास्त दिसल्या तर कार्बन ब्रश संपत आलेत, ते स्वस्त असतात, आपणच बदलावेत. त्यावरून शेजाऱ्याशी वाद घालू नये.

ग्राइंडर मात्र मी कुणाच्याही हातात देत नाही. कामच असेल तर स्वतः जाऊन कापून देतो. चार इंची ग्राइंडर मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेतो. लोक त्याचा गार्ड, म्हणजे चाकावरचं संरक्षक झाकण, काढतात, कारण गार्ड काढला की पाच इंची व्हील बसतं. मग व्हील फुटलं तर तुकडा अडवायला काहीच नसतं आणि तो थेट तोंडावर येतो. काही जण त्याच मशीनला लाकूड कापायचं दातेरी ब्लेड लावतात. ते लाकडात अडकलं की मशीन हातातून उसळतं. हे मी कामावर पाहिलं आहे, म्हणून या बाबतीत ओळख, नातं काही बघत नाही. नवीन माणसाला हे सगळं दारात उभं राहून दोन मिनिटांत शिकवता येत नाही.

गावाकडे हे लोकांना आधीपासून कळलेलं आहे. आमच्या सांगलीकडे कुळव, कुरी (पेरणीचं अवजार) भावकीत मागून नेतात, त्याचे कुणी पैसे घेत नाही. बैलांचा वारंगुळा असायचा, एक बैल तुझा, एक माझा. पण रोटर (ट्रॅक्टरला जोडून माती भुसभुशीत करणारं यंत्र) मारायचा असेल तर ट्रॅक्टर ड्रायव्हरसकट येतो आणि दर एकरावर ठरतो. मळणी यंत्राबरोबर त्याचा माणूस येतो, पैसे पोत्यामागे. धोक्याचं यंत्र भाड्याने जातं, पण एकटं जात नाही. शहरात ब्रेकरने काँक्रीट फोडायचं किंवा कोअर कटिंगचं (पाइपसाठी मोठं गोल भोक पाडायचं) काम असेल, तर तिथेही मशीनसकट माणूस बोलवावा.

आता परत मागण्याचं. फुकट दिलेली वस्तू मुदतीआधीही मागता येते, कलम 159 तसं म्हणतं. फक्त तुमच्या भरवशावर त्याने अर्धं काम काढून ठेवलं असेल आणि मधेच काढून घेतल्याने त्याचं फायद्याहून मोठं नुकसान होत असेल, तर फायद्याहून जेवढं जास्त नुकसान होईल तेवढं भरून द्यावं लागतं. पण कायद्यापर्यंत जायची वेळच येऊ नये. देतानाच सांगा, "काका, रविवारी सकाळी मला लागणार आहे." आणि मोबाइलवर फोटो काढून त्यांनाच पाठवा, म्हणजे शिडी कुणाकडे आहे हे तीन महिन्यांनी आठवत बसावं लागत नाही.

मागणारे खूपच असतील तर सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढा. एक घडीची शिडी, एक हॅमर ड्रिल, एक चांगल्या वायरचं एक्स्टेन्शन बोर्ड सोसायटीने घ्यावं आणि वॉचमनकडे ठेवावं. आमच्या कारखान्याच्या टूल क्रिबमध्ये, म्हणजे हत्यारांच्या खोलीत, प्रत्येकाच्या नंबरचा पितळी बिल्ला असतो. हत्यार नेलं की त्याच्या जागेच्या खिळ्यावर नेणाऱ्याचा बिल्ला लटकतो, वही उघडावीच लागत नाही. फ्लॅट नंबरचे बिल्ले करून घेतले तर तुमच्याकडेही हे सहज चालेल. खर्च मेंटेनन्समधून करा, भाडं लावू नका, आणि त्या कपाटात ग्राइंडर ठेवू नका.