लाइट गेली की वायफाय बंद पडतं. इन्व्हर्टर घ्यावा का?

फक्त वायफायसाठी? मुळीच नको. राउटरचा मिनी यूपीएस मिळतो, म्हणजे लाइट गेल्यावर वीज देणारी छोटी बॅटरी, तळहातात मावेल एवढी. परभणीत उन्हाळ्याच्या दुपारी लाइट गेली की माझे दोन-तीन तास त्यावर सहज निघतात.

घेण्याआधी राउटरच्या अडॅप्टरवरची बारीक अक्षरं वाचा. अनेकांवर १२ व्होल्ट, १ अँपिअर असतं. काहींवर दीड, दोन अँपिअर. व्होल्ट तेवढेच हवेत. अँपिअर जास्त चालतील, कमी नाही. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही वीज लागते. हे विसरून मी एकाच पिनचा यूपीएस आणला अन् नेट नसलेल्या राउटरचे दिवे बघत बसलो!

आणि यूपीएस पत्र्याखाली तापत ठेवू नका, त्यातली लिथियम बॅटरी उष्णतेनं लवकर खराब होते.