कॅटलॉग घेऊन बस

सातारा, मे महिना

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. मुलींच्या शाळेत शिकवायचं पहिलं वर्ष संपलं, प्रगतिपुस्तकं वाटून झाली, आणि आता वर्ष कसं गेलं ते लिहायला बसलं की स्नेहसंमेलनापलीकडे काही आठवत नाही, म्हणतेस. आठवणीवर विसंबू नकोस. कॅटलॉग घेऊन बस. कागदोपत्री त्याला हजेरीपत्रक म्हणतात, शिक्षक-खोलीत आम्ही कॅटलॉगच म्हणायचो. जून ते एप्रिल, एकेकीच्या नावासमोरची आडवी ओळ बोट ठेवून वाच.

माझ्या पहिल्या वर्षी मी हे केलं नाही. नववीतली एक मुलगी दर महिन्याला तीन-चार दिवस यायची नाही. मी तिला दोनदा वर्गाबाहेर उभी केली. ती मान खाली घालून भिंतीचे पोपडे नखाने काढत राहायची, कारण सांगायची नाही. वर्ष सरल्यावर कुठलासा तक्ता भरताना खाडे ओळीने दिसले, तेव्हा कळलं की ते महिन्याच्या महिन्याला, ठरावीक अंतराने पडलेत. आणि तिच्या एकटीचे नव्हते, निम्म्या वर्गाचे तसेच होते. शाळेच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी नव्हती, पाण्याचा पिंप कोरडा असायचा. वर्षभर मी त्या दारासमोरून रोज गेले होते. कडी बसवायला सुताराला अर्धा तास लागला. तोवर तिच्या वडिलांनी तिचा दाखला काढून नेला होता.

म्हणून सांगते, खाडा दिसला की आधी शाळेकडे बघ, मग मुलीकडे. तू लिहिलंयस की काहीजणी जादा तासाला दप्तर भरून दाराकडे डोळे लावून बसतात, त्यांना अभ्यासाची गोडी नाही. त्यातल्या परळी-ठोसेघरकडच्या गावांतून एसटीने येणाऱ्या किती, ते बघ. ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत मिळतो, ही फार मोठी सोय आहे. पण पासाने गाडी थांबत नाही. संध्याकाळची गाडी चुकली की त्या पोरीला स्टँडवर अंधार होईपर्यंत बसावं लागतं, आणि असं दोनदा झालं की घरचे म्हणतात, बास झाली शाळा. जादा तास सकाळी घे. तुला लवकर उठावं लागेल, तेवढं कर.

भरलेल्या ओळीही बघ. जुलैत मेढ्याकडून खताच्या पोत्याची खोळ डोक्यावरून घेऊन येणारी आणि एकही खाडा नसलेली एखादी असेलच. तिला वर्षभरात कोणी शाबासकी दिली का? बक्षिसं पहिल्या तीन नंबरांनाच जातात, हे मला कधी पटलं नाही.

आता मुख्य गोष्ट. ३ जानेवारीला तुझ्या वर्गातल्या मुली सावित्रीबाईंवर बोलल्या असतील. नायगाव आपल्याच जिल्ह्यातलं, खंडाळा तालुक्यातलं. १८३१ साली तिथे जन्मलेल्या मुलीने १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात मुलींना शिकवायला सुरुवात केली, हे त्या घडाघडा सांगतात. त्या दिवशी बोललेल्या मुलींची नावं काढ, आणि त्यातल्या कितीजणींचे खाडे फेब्रुवारीपासून वाढलेत ते ताडून बघ. घरात बघाबघी सुरू झाली की मुलीला अधूनमधून घरी ठेवतात. 'मामाकडे गेले होते' एवढंच ती सांगते.

हे लिखाण जूनवर टाकू नकोस, कारण लग्नसराई आत्ता आहे. सुट्टीत बाई येत नाहीत, मुलगी वर्गात दिसत नाही, आणि शाळा उघडते तेव्हा बाकावरची एक जागा रिकामी असते. शंका येईल त्या घरी आत्ताच जा. आधी आईशी बोल, आजी असेल तर आजीशी आधी. पुष्कळदा तेवढ्याने भागतं, कारण शिकवायची इच्छा घरात असते, फक्त बाहेरचं कोणीतरी तसं बोलावं लागतं. तारीख ठरलीच असेल तर मात्र भीड धरू नकोस. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याने लग्नाला मुलीला अठरा पूर्ण हवीत. गावात ग्रामसेवकावर बालविवाह रोखण्याची जबाबदारी असते, त्यांना भेट. १०९८ वर, मुलांसाठीच्या हेल्पलाइनला, फोन कर. घरचे चिडतील, चार दिवस तुझ्या नावाने बोटं मोडतील. मोडू देत.

पत्रात तू आठवीतल्या एकीबद्दल दोन ओळी लिहून पुढे गेलीस. परीक्षेला आली, पण हातावर मेंदी होती आणि कोणाशी बोलली नाही, असं. तिच्या गावचं नाव कळव. सोमवारी सकाळी मी स्टँडवर येते, पहिल्या गाडीने दोघी जाऊ.

तुझी,
बाई