आणखी खोदकाम करावे काय?

प्रश्न : आमचे गाव माण तालुक्यात आहे. काही वर्षांपूर्वी श्रमदानातून डोंगरावर सलग समतल चर (पाणी जिरावे म्हणून उताराला आडवे, एका पातळीत घेतलेले) खोदले, ओढ्याचे खोलीकरण झाले आणि पुढचे दोन उन्हाळे टँकर लागला नाही. आता पाऊस महिनाभर दडी मारतो आणि मग दोन दिवसांत कोसळतो. विहिरी माघातच तळ गाठतात. आणखी खोदकाम करावे काय?
– एक वाचक, दहिवडी परिसर

उत्तर : चर गाळाने भरले असतील तर ते अवश्य उपसावेत, कारण असा कोसळणारा पाऊस माती घेऊनच खाली उतरतो. परंतु आपल्या पत्रात चर आणि ओढा यांचा उल्लेख आहे; त्या दोन बऱ्या उन्हाळ्यांनंतर शिवारात कोणती पिके वाढली आणि किती नव्या बोअर घेतल्या गेल्या, याचा नाही. आमच्या मते दुखणे तिथे असावे.

एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे 10,000 लिटर पाणी आले. वर्षाचा पाऊस 450 मिलिमीटर धरला तर हेक्टरी 45 लाख लिटर होतात आणि त्यातलेही बरेचसे उडून किंवा वाहून जाते. उसाला मात्र दीड हजार मिलिमीटरच्या पुढे पाणी लागते, म्हणजे एका एकरातला ऊस तीन एकरांवरचा सगळा पाऊस पिऊन टाकतो. शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, जमिनीतल्या ओलीवर आणि एखाद-दुसऱ्या पाण्यावर निघतो.

हा हिशेब सांगलीकडे फार पूर्वी मांडला गेला आहे. खानापूर तालुक्यात बलवडी आणि तांदुळवाडीच्या शेतकऱ्यांनी 1980 च्या दशकात येरळा नदीवर बळीराजा धरण उभे केले, तेव्हा पाण्याचे समन्यायी वाटप आणि उसाला नकार या गोष्टी धरणाच्या कल्पनेतच होत्या. आपल्याकडे बहुधा आधी पाणी येते आणि वाटपाचा विषय भांडणानंतर निघतो.

शाळेच्या आवारात पर्जन्यमापक बसवून रोज सकाळी साडेआठला मुलांकडून नोंद करून घ्यावी. पाऊस सरताना गावातल्या निवडक विहिरींत किती परस (पुरुषभर उंचीचे माप) पाणी आहे ते दोर सोडून मोजावे, आकडे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहावेत आणि शाळूच्या पेरणीआधी ग्रामसभा घेऊन पिण्याचे व जनावरांचे पाणी आधी बाजूला काढावे. उरलेल्या पाण्यावर कांदा किती आणि डाळिंब किती, हे त्यानंतर ठरेल. ज्यांच्या बोअरला अजून पाणी आहे ते या सभेला येण्याचे टाळतील. त्यांच्याकडे आधी घरी जाऊन बोलावे.