गाणं येतं, मानसशास्त्र शिकलंय. म्युझिक थेरपिस्ट व्हायला अजून काय लागतं?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. मानसशास्त्रात बी.ए., गाण्यात विशारद, वय 23. अमेरिकेत म्युझिक थेरपी शिकून रुग्णालयात काम करायचं मनात आहे, आणि बाबा म्हणतात, "रागांनी रोग बरे करायचा कोर्स इथे तीन महिन्यांत होतो, तिकडे एवढा पैसा कशाला घालायचा?" मी मूळची साताऱ्याची, तबला शिकलेली. हेच शिक्षण अमेरिकेत घेतलं आणि गेली 11 वर्षं इथल्या पुनर्वसन रुग्णालयात काम करते आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी बाबांचं. अमुक रागाने रक्तदाब उतरतो, तमुक रागाने मधुमेह आटोक्यात येतो, असले तक्ते मीही लहानपणी वाचलेत. इथल्या विद्यापीठात तसं काही शिकवत नाहीत. त्या अपेक्षेने आलीस तर पहिल्याच सत्रात हिरमोड होईल. कोणतं संगीत वापरायचं हे रोगाच्या नावावरून ठरतच नाही. समोरच्या माणसाला काय जमत नाहीये, काय जमायला हवंय आणि आयुष्यभर त्याच्या कानावर काय पडत आलंय, यावरून ते ठरतं. हे तिन्ही ओळखायला शिकण्यात वर्षं जातात. तीन महिन्यांत ते होत नाही, हे बाबांना अगदी स्पष्ट सांग.

माझ्या इंटर्नशिपमधला एक प्रसंग सांगते, म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल. सत्तरीतले एक गृहस्थ, पार्किन्सन्सचे रुग्ण. चालता चालता दाराच्या चौकटीशी आले की पाय जमिनीला चिकटल्यासारखे व्हायचे. अशा वेळी वापरायची एक ठरलेली पद्धत आहे, रिदमिक ऑडिटरी स्टिम्युलेशन. मायकेल थाउट हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात तिच्यावर मोठं काम केलं. आधी काहीही न वाजवता माणसाला चालू द्यायचं आणि मिनिटाला किती पावलं पडतात ते मोजायचं. या गृहस्थांची 88 पडत होती. मग नेमक्या त्याच लयीत ठोका द्यायचा, आणि पाऊल ठोक्यावर बसलं की लय पाच-दहा टक्क्यांनी वाढवायची. या आजारात शरीराचा आतला ठोका डळमळतो. बाहेरून मिळालेल्या ठोक्याचा पायांना आधार होतो.

आम्ही 88 वरून 94 वर आलो होतो. फिजिओथेरपिस्ट त्यांच्या कमरेचा पट्टा धरून शेजारून चालत होता, मी पुढे ढोल घेऊन उलट्या पावली. ते इतके छान चालत होते की माझ्या हातातून सवयीने एक तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समेवर यायचा तुकडा, निघून गेली. अगदी छोटी, समेवर चोख येणारी. त्या तिहाईत त्यांचा ठोका हरवला. उजवा पाय उचलला तो तसाच राहिला, अंग पुढे गेलं. पट्टा धरलेला होता म्हणून पडले नाहीत. खुर्चीत बसवल्यावर कितीतरी वेळ त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. संध्याकाळी माझ्या पर्यवेक्षिकेने एवढंच विचारलं, "ते शेवटचं कुणासाठी वाजवलंस?"

या प्रश्नाचं उत्तर शोधणं हाच माझ्या मते या शिक्षणाचा गाभा आहे. आपल्याला लहानपणापासून मैफलीसाठी घडवलेलं असतं. हात तयार झाला की तो दिसावा, दाद यावी, अशी ओढ असते. त्यात वाईट काहीच नाही. पण रुग्णाच्या खोलीत तुझी तान त्याच्या श्वासाच्या पुढे धावली तर ती तान बिनकामाची. तुझी तयारी वाया जाणार आहे असं मात्र समजू नकोस. वीस मिनिटं लय तसूभर न हलू देणं आणि समोरच्याचं पाऊल पाव मात्रा मागे पडलं तरी ते ऐकू येणं, हे मला तबल्यानेच दिलं. सोबत गिटार शिकून आलेल्या मुलांना त्यासाठी खूप कष्ट घ्यावे लागले.

तू गाणारी आहेस, म्हणून तुझ्या उपयोगाचं एक सांगते. पक्षाघातानंतर मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली की काहींची वाचा अडते. समजतं सगळं, पण शब्द बाहेर पडत नाही. मात्र ओळखीचं गाणं हीच माणसं शब्दांसकट म्हणतात. या निरीक्षणावरून 1973 च्या सुमारास बॉस्टनमध्ये मेलडिक इंटोनेशन थेरपी तयार झाली. रोजच्या गरजेचं छोटं वाक्य दोनच स्वरांत म्हणायचं, बहुतेक वेळा सा आणि कोमल गंधार एवढंच अंतर, आणि प्रत्येक अक्षराला रुग्णाच्या डाव्या हाताने टेबलावर टिचकी. आधी दोघांनी मिळून, मग हळूहळू आपण आवाज काढून घ्यायचा, शेवटी स्वरही काढून टाकायचा आणि साधं बोलणं उरवायचं. दोन स्वर म्हणजे सोपं वाटतं ना? ते दोन स्वर न सजवता, मींड न घेता (म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न घसरता), पन्नास वेळा तितक्याच आपुलकीने म्हणून बघ.

आता रस्ता. अमेरिकेत या विषयाचा पहिला विद्यापीठीय अभ्यासक्रम मिशिगन स्टेटमध्ये 1944 साली सुरू झाला. युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या रुग्णालयांत संगीतकार जात होते, आणि नुसतं चांगलं वाजवणं तिथे पुरत नाही हे लक्षात आलं होतं. आज पात्रतेसाठी किमान बॅचलर्स लागते, अमेरिकन म्युझिक थेरपी असोसिएशनने मान्य केलेल्या अभ्यासक्रमातली. त्यात किमान 1200 तासांचं प्रत्यक्ष काम असतं, आणि त्यातले निदान 900 तास इंटर्नशिपचे. त्यानंतर सर्टिफिकेशन बोर्डाची परीक्षा, मग नावापुढे एमटी-बीसी, म्हणजे 'म्युझिक थेरपिस्ट, बोर्ड सर्टिफाइड', लागतं. ते टिकवायला दर पाच वर्षांनी पुढच्या शिक्षणाचे 100 क्रेडिट दाखवावे लागतात. शिवाय राज्याराज्यांचे परवाने वेगळे. न्यूयॉर्कमध्ये परवान्याला मास्टर्स लागतेच. तेव्हा कुठे राहायचंय ते ठरवून मगच विद्यापीठ निवड.

ज्यांची संगीतातली पदवी आहे त्यांच्यासाठी 'इक्विव्हॅलन्सी' नावाची सोय असते. उरलेले थेरपीचे विषय आणि इंटर्नशिप करायची, बहुतेक वेळा मास्टर्सला जोडूनच. तुझी अडचण इथे आहे. तुझी पदवी मानसशास्त्राची, आणि विशारद ही गांधर्व महाविद्यालय मंडळाची परीक्षा. ती विद्यापीठाची पदवी म्हणून धरली जाईलच, या भरवशावर राहू नकोस. दोन वाटा आहेत. एक, इथे येऊन संगीताचे राहिलेले विषय आधी पुरे करायचे, ज्यात एखादं वर्ष आणि बराच पैसा जातो. दुसरी, पुण्याचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठ किंवा एसएनडीटी, यांपैकी कुठे प्रवेश मिळाला तर आधी संगीतात पदवी घ्यायची. मी तुझ्या जागी असते तर दुसरी घेतली असती. शिवाय त्या काळात आठवड्यातला एक दिवस जवळच्या विशेष शाळेत काढला असता. शिकवायला जाऊ नकोस, मदतनीस म्हणून जा. मुलांना जेवू घाल, बूट घालून दे, आणि कोणत्या आवाजाला कोण कान झाकतं ते बघत राहा.

अभ्यासात शरीररचना, मनोविकार, संशोधन, नीतिनियम हे सगळं येतं. तुझं मानसशास्त्र तिथे कामी येईल. जड जातं ते नोंदी लिहिणं. 'रुग्णाला छान वाटलं' ही नोंद होत नाही. 'पाच वेळा खूण केली, त्यातल्या चार वेळा शब्द उच्चारला, मागच्या आठवड्यात दोन वेळा' ही नोंद. माझ्या पहिल्या सत्रातल्या सगळ्या नोंदी लाल शाईने भरून परत आल्या होत्या.

पैशाचं उघड बोलते. इंटर्नशिप साधारण सहा महिने पूर्णवेळ असते आणि बऱ्याच ठिकाणी तिचा एक पैसाही मिळत नाही. ते सहा महिने शिक्षणकर्जाच्या हिशेबात धर. मी धरले नव्हते आणि शेवटी घरून पैसे मागवावे लागले. इंटर्नशिप अभ्यासक्रमाचा भाग म्हणून विद्यार्थी व्हिसावर करता येते, पदवीनंतर साधारण वर्षभर कामाची परवानगी मिळते. पुढे व्हिसा देणारा मालक शोधावा लागतो, आणि ते सोपं नाही. नोकऱ्या आहेत, पण इंजिनिअरचा पगार डोक्यात ठेवून येऊ नये.

राहिली प्रवेशाची ऑडिशन. मुख्य वाद्य म्हणून हिंदुस्थानी गायन चालेल का, हे प्रत्येक विद्यापीठ आपापलं ठरवतं. म्हणून अर्ज भरण्याआधी थेट विभागप्रमुखांना पत्र लिही आणि सोबत दहा मिनिटांचं गाणं पाठव. पण गायन चाललं तरी गिटार आणि पियानो सुटत नाहीत. रुग्णाशेजारी बसून साथ करताना तेच लागतं. आपण हार्मोनियमवर बोटांनी गाण्याच्या मागोमाग जातो, कॉर्ड (एकदम वाजवलेले काही स्वर) धरून गाण्याला खाली जमीन द्यायची सवय आपल्याला नसते. मला सगळ्यात जास्त रडवलं ते यानेच. तू आजच एक साधी गिटार घे. रोज अर्धा तास, तीन कॉर्ड, आणि आजीला येणारी चार भजनं त्यांवर बसव. आजीला गाऊ दे, तू फक्त तिच्या मागे राहा. ती मध्येच थांबली, कडवं विसरली, वरच्या पट्टीत गेली, तरी हात थांबता कामा नये.

पत्राचा मसुदा झाला की इथेच टाक, मी वाचून दुरुस्त करून देईन. आणि बाबांना माझ्याशी बोलायचं असेल तर रविवारी भारतातली संध्याकाळ मला सोयीची पडते.