आर्किटेक्चर शिकून इमारती आणि इंटरॅक्टिव्ह मीडिया, दोन्हीत काम करता येतं का?

तुम्ही नागपुरात बी.आर्क.च्या शेवटच्या वर्षाला आहात, घरांच्या ड्रॉइंगइतकाच जीव सेन्सर, प्रोजेक्शन आणि व्हीआरमध्ये रमतो, आणि पोर्टफोलिओत दोन्ही ठेवलं तर 'धड ना हे, ना ते' असं लोक म्हणतील अशी भीती वाटते, असं तुम्ही लिहिलंय. दोन्ही ठेवा. फक्त त्याचे दोन वेगळे कप्पे करू नका. का, ते माझ्याच एका कामावरून सांगतो.

मी इथंच शिकलो आणि इथंच काम करतो. घरं, दुकानांची इंटिरिअर्स आणि अधूनमधून छोटी प्रदर्शनं. नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या वाड्यातल्या मंडळींना माजघराशेजारची खोली पाहुण्यांना दाखवण्यासारखी करायची होती. जुने फोटो, तांब्या-पितळेची भांडी, आजोबांची वहीखाती. ठरलं असं की माणूस आत आला की अंधाऱ्या खोलीत एकेका वस्तूवर दिवा लागेल आणि घरातल्या आजींच्या आवाजात त्या वस्तूची गोष्ट सुरू होईल. दाराजवळ पीआयआर सेन्सर बसवला. जानेवारीत सगळं झकास चाललं. मे महिन्यात दुपारी फोन आला, "लोक येतात, उभे राहतात, काहीच सुरू होत नाही."

पीआयआर सेन्सर माणूस ओळखतो तो अंगाची उष्णता आणि मागच्या भिंतीची उष्णता यांतल्या फरकावरून. बाहेर पारा ४५ वर गेला होता आणि खोलीच्या भिंतीच तापून अंगाइतक्या झाल्या होत्या. सेन्सरच्या लेखी समोर कुणी नव्हतंच. नागपूरच्या उन्हाळ्यात भिंत किती तापते, हे मी पाच वर्षं शिकलो होतो. पश्चिमेची भिंत, छज्जा, वाळ्याच्या ताट्या, सगळं. पण हातात सेन्सर आला आणि मी ते साफ विसरलो.

मग ठरवलं की उंबरठ्याखाली लिमिट स्विच बसवायचा. पाय पडला की गोष्ट सुरू. सुताराकडून उंबरठा सोडवून घेतला, स्विच बसवला आणि तासभर बाजूला उभा राहिलो. एकाचाही पाय त्यावर पडेना. सगळे ओलांडून आत. आजी पलंगावरून म्हणाल्या, "उंबरठ्यावर कोनी पाय देते का, बाबू?"

हे मला लहानपणापासून माहीत होतं. शेवटी उंबरठा ओलांडल्यावर पहिलं पाऊल जिथं पडतं तिथं मोजून, खडूने खुणा करून, सागवानी फळी बसवली आणि स्विच तिच्याखाली घातला. म्हातारी माणसं चौकट धरून जवळ पाय टाकतात, पोरं उडी मारून लांब, म्हणून फळी चांगली दोन फूट रुंद ठेवावी लागली. पावसाळ्यात लाकूड फुगून ती अडकेल म्हणून सुतारकाकांनी चारही बाजूंनी बारीक फट सोडली. ती खोली अजून चालू आहे.

आता यातलं आर्किटेक्चर कुठलं आणि मीडिया कुठला, ते तुम्हीच सांगा. मला वेगळं काढता येत नाही. माणूस कुठून येईल, कुठं थबकेल, हात कुठं टेकेल, हे आधी ओळखणं हेच दोन्हीकडचं काम आहे.

उलटं उदाहरणही देतो. एका घराचा व्हीआर वॉकथ्रू केला होता. त्यात डोळ्यांची उंची मी नकळत स्वतःची ठेवली होती, १६० सेंटिमीटर. घरातल्या काकू जेमतेम चार फूट दहा इंच. त्यांच्या डोळ्यांची उंची १३७ च्या आसपास येते. तेवढी करून त्यांना हेडसेट घातला. त्या ओट्यापाशी उभ्या राहिल्या, खिडकीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "फाटक तर दिसतच नाही. कोण आलं ते कसं कळायचं मला?" टाइल्सच्या हिशोबात खिडकीचा खालचा कठडा मी सव्वाचार फुटांवर नेला होता. प्लॅन आणि सेक्शन (घराचा उभा छेद) काकूंनी आणि मीही पाहिले होते, तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. कठडा नऊ इंच खाली घेतला. वीट लागण्याआधी कळलं, म्हणून फुकटात झालं.

ही वाट नवीन आहे असंही समजू नका. निकोलस नेग्रोपाँटे हे मूळचे आर्किटेक्चरचेच विद्यार्थी. त्यांनी १९६७ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत आर्किटेक्चर मशीन ग्रुप सुरू केला आणि १९८५ मध्ये त्यातूनच मीडिया लॅब उभी राहिली. आपल्याकडे एनआयडीची, म्हणजे अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची, सुरुवात १९६१ ची, आणि तिच्यामागे १९५८ चा चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर दांपत्याचा अहवाल आहे. घर, खुर्ची, फिल्म, प्रदर्शन हे सगळं एकाच हाताने करणारी ती जोडी. पुढं शिकायचं असेल तर सीईईडी ही डिझाइनची प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात इंटरॅक्शन डिझाइनला जाता येतं. बी.आर्क.वाल्यांना ती दारं उघडी आहेत.

एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगतो. कितीही मीडियात रमलात तरी कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचं रजिस्ट्रेशन करून ठेवा. १९७२ च्या कायद्यानुसार त्याशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही. आणि पहिलं एखादं वर्ष साइटवर काढा. मिस्त्रीशी बोलताना, सेंट्रिंग खोलताना जे कळतं ते स्क्रीनवर कळत नाही. प्रोजेक्टर कुठं टांगायचा हे ठरवताना बीम कुठून जातो ते माहीत असलेला माणूस फार कमी वेळा भेटतो, म्हणून तुम्हाला बोलावतील.

एक दुपार नागपूरच्याच रमण विज्ञान केंद्रात घालवा. वस्तू पाहू नका, पोरं पाहा. बटण दाबतात आणि परिणाम दिसायच्या आत पुढच्या बटणाकडे पळतात. दुसऱ्या दिवशी अजब बंगल्यात जा. १८६३ चं संग्रहालय. लोक कुठं रेंगाळतात, कुठून न बघताच पुढं जातात, ते वहीत प्लॅन काढून टिपा. ही दोन पानं मी तुमच्या पोर्टफोलिओत सगळ्यात आधी पाहीन.

बाकी पोर्टफोलिओत वीस कामं नकोत. चार पुरेत, पण प्रत्येकात प्लॅन, सेक्शन, वायरिंगचं ड्रॉइंग आणि वापरात आल्यानंतर सहा महिन्यांचा फोटो असू द्या. काय बिघडलं आणि कसं दुरुस्त केलं, तेही लिहा. माझ्या पोर्टफोलिओत महालच्या खोलीच्या पानावर चुकलेला उंबरठा पहिला आहे आणि फळी दुसरी. बहुतेक क्लायंट प्रश्न विचारतात ते उंबरठ्याबद्दल.

फीचं एवढंच, की इंटरॅक्टिव्ह काम घेताना वर्षभराची देखभाल कोटेशनमध्ये वेगळी लिहा. घर बांधून दिलं की आपण मोकळे होतो. स्विच, केबल आणि स्पीकरला पहिल्या पावसाळ्यात पुन्हा हात लावावाच लागतो, आणि ते पैसे आधी बोललेले नसतील तर ते तुमच्याच खिशातून जातात. माझे दोनदा गेले आहेत.