‘वांशिक’ की ‘वंशवादी’?

समाजशास्त्रात एम.ए. करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे: इंग्रजी ‘रेशियल’ला मराठीत काय म्हणायचं? तिच्या प्रबंधिकेचं शीर्षक होतं ‘वांशिक सत्ता आणि समाजशास्त्रातील ज्ञाननिर्मिती’. मार्गदर्शकांनी ‘वांशिक’ खोडून ‘वंशवादी’ केलं. वर्गमैत्रीण म्हणते, दोन्ही चूक, ‘वर्णवादी’ लिही. बरोबर कोण?

विद्यार्थिनी. ‘वर्णवादी’ला एका वाक्यात निरोप देता येतो: समाजशास्त्राच्या पानावर ‘वर्ण’ आला की मराठी वाचक थेट चातुर्वर्ण्यात शिरतो, आणि मग आपण अटलांटात आहोत की आळंदीत, हे लिहिणाऱ्यालाही कळेनासं होतं. दक्षिण आफ्रिकेच्या बातम्यांतला ‘वर्णद्वेष’ त्या जागी ठीक आहे, त्याला तिथेच राहू द्या.

‘वंशवादी’चं दुखणं दुहेरी. एक तर हिंदी वाहिन्यांवर ‘वंशवाद’ म्हणजे बापानंतर पोराला तिकीट. आपल्याकडे त्याला ‘घराणेशाही’ हा ठसठशीत शब्द असताना पुण्यातले बातमीदारही हल्ली ‘वंशवादी पक्ष’ लिहितात, तेव्हा डोकं फिरतं. दुसरं असं की ‘वंशवादी’ म्हणजे अमुक वंश श्रेष्ठ असं मानणारा. त्यात मत आहे, मत बाळगणारा माणूस आहे. ‘वांशिक सत्ता’ म्हणजे वंशाच्या रेघेवर वाटली गेलेली सत्ता. ती चालायला कुणाच्या मनात द्वेष असावाच लागतो असं नाही.

आता खरी गंमत. ‘वंश’ म्हणजे मुळात वेळू. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या दहाव्या सूक्तात स्तोते इंद्राला वंशासारखं, म्हणजे बांबूच्या काठीसारखं, उंच उचलतात. याच शब्दातून हिंदीत बाँस आला, आपल्याकडे बासरी आणि छपराचा वासा. खाल्ल्या घरचे वासे मोजणारा माणूस व्युत्पत्तीने वंशच मोजत असतो. पाठीच्या कण्याला पृष्ठवंश म्हणतात तेही यामुळेच: कांडं, पेर, पुन्हा कांडं. पिढ्यांना हा शब्द लागला तो या पेरांवरून.

पण पिढ्या कुणाच्या? इथे सगळे कोश घाईघाईने ‘कुळ, घराणं’ लिहून मोकळे होतात. बृहदारण्यक उपनिषद उघडा. त्यात तीन ठिकाणी ‘वंश’ येतो आणि तिन्ही ठिकाणी तो बापलेकांचा नाही, गुरुशिष्यांचा आहे: अमुक तमुकाकडून शिकला, तो आणखी कुणाकडून, असं करत थेट ब्रह्मापर्यंत. तिसऱ्या यादीत तर आचार्य आईच्या नावाने ओळखले जातात, पौतिमाषीपुत्र वगैरे. म्हणजे ‘वंश’ हा जुन्या ग्रंथांत ज्ञानाच्या वहिवाटीचा शब्द आहे. हे ज्ञान कुणाकडून आलं याची ती अधिकृत यादी. या विषयाला याहून चपखल शब्द कुठल्या भाषेत असेल असं वाटत नाही. हा अर्थ ‘पारिभाषिक, गौण’ म्हणून कोपऱ्यात ढकलणाऱ्या कोशकारांशी माझं भांडण आहे आणि ते मिटणारं नाही.

कारण अशा यादीबद्दलचा पहिला प्रश्न असतो: त्यात कोण नाही? अमेरिकन समाजशास्त्राचा वंश पाठ्यपुस्तकं असा सांगत आली: १८९२ मध्ये शिकागो विद्यापीठात आल्बियन स्मॉल यांनी विभाग काढला, पुढे रॉबर्ट पार्क आणि मंडळींनी शहरालाच प्रयोगशाळा केलं, आणि समाजशास्त्र रस्त्यावर उतरलं. कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस या यादीत नसायचे. ते १८९६-९७ मध्ये फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डात घरोघर फिरून स्वतः प्रश्नावल्या भरत होते: कुटुंबात माणसं किती, धंदा काय, भाडं किती. घराघराचा सामाजिक स्तर त्यांनी नकाशावर रंगांनी दाखवला. १८९९ मध्ये ते काम छापून आलं, तेव्हा पार्क शिकागोत पोचायलाही दीडेक दशक होतं. ज्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठासाठी ते हे करत होते त्याने मात्र या हार्वर्डच्या डॉक्टरला एक दुय्यम पद दिलं, शिकवायला वर्ग दिला नाही.

मग ते वगळले कसे गेले? ‘वंशवादी’ लिहिलं की वाचक दुष्ट प्राध्यापक शोधत बसतो. तसे होतेही. पण खरी कळ दुसरीकडे होती. १८९७ ते १९१० ड्यू बॉइस कृष्णवर्णीयांच्या अटलांटा विद्यापीठात होते. तिथे पैशांची चणचण कायमची, आणि डॉक्टरेटचे विद्यार्थीच नव्हते, कारण तसा अभ्यासक्रमच नव्हता. शिकागोचे पीएच.डी. देशभर विभागप्रमुख झाले, त्यांनी पाठ्यपुस्तकं लिहिली, त्यांत आपले गुरू घातले. ज्याला शिष्य नाहीत त्याचं नाव पुढच्या पेरात उगवत नाही. अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञांची संघटना १९०५ ची. तिचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष ई. फ्रँकलिन फ्रेझियर, १९४८. दुसरे विल्यम ज्युलियस विल्सन, १९९०. मधल्या प्रत्येक वर्षी कुणी वंशवादी ठराव मांडला असेल असं समजायचं कारण नाही. याला म्हणायचं वांशिक सत्ता.

एक पक्ष म्हणतो, ‘वंश’ नकोच, सरळ ‘रेस’ लिहा. लिहा, आणि वाचकाला रेसकोर्सवर सोडून या. (योगायोग असा की या इंग्रजी शब्दाच्या मुळाशी इटालियन ‘राझ्झा’ आहे आणि त्याच्याही मागे जुन्या फ्रेंचमधला घोड्यांच्या पैदाशीचा तबेला आहे, असं भाषाअभ्यासक जान्फ्रांको कोंतिनी यांचं म्हणणं. लिओ स्पिट्झर लॅटिन ‘रात्सिओ’कडे बोट दाखवायचे. माझं मत तबेल्याला.)

दुसऱ्या पक्षाला ‘वंश’ इतका पसंत आहे की तो रक्तात असतो असंच त्यांना वाटतं. त्यांनी एक हिशेब करून पाहावा. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ली जातींची उतरंड नाकावरून लावू पाहत होते. नासिकांक काढायची रीत सोपी: नाकाची रुंदी भागिले उंची, गुणिले १००. ७० च्या आत आलं तर सडपातळ, ७० ते ८५ मध्यम, ८५ आणि वर बसकं. आता ४६ मिलिमीटर उंचीचं नाक घ्या. रुंदी ३९ भरली तर अंक ८४.८, मध्यम. ४० भरली तर ८७, बसकं. नाकपुडीवर कंपास जरा दाबून धरला की सैल, उंची दोन भुवयांखालच्या खळग्यात नेमकी कुठून धरली, एवढ्यावर माणूस या गटातून त्या गटात. कंपास कुणाच्या हातात होता, हे वेगळं सांगायला नको.

कंपास नसला तरी चालतं, लेखणी पुरते. अमेरिकेच्या १९२०, १९३० आणि १९४० च्या जनगणनेत ‘हिंदू’ हा एक वंश होता, मग तो माणूस शीख असो की मुसलमान. १९७० मध्ये तीच मंडळी गोऱ्यांत मोजली गेली, १९८० मध्ये ‘एशियन इंडियन’ झाली. म्हणून संकल्पनेबद्दल लिहिताना ‘वंशकल्पना’ लिहा आणि ती माणसांवर चिकटवण्याच्या क्रियेला ‘वांशिकीकरण’. शब्द जड आहेत, मान्य. पण नुसता ‘वंश’ लिहिला की तो जन्मजात वाटतो, आणि तुमची प्रबंधिका तर नेमकं उलटं सांगतेय.

यासाठी अटलांटाला जायचीही गरज नव्हती. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये पुण्यात ‘गुलामगिरी’ लिहिली, गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकनांना अर्पण केली, आणि युरोपीय पंडितांचा आर्य-सिद्धान्त उचलून उलटा फिरवला: आर्य म्हणजे बाहेरून आलेले लुटारू. तीसच वर्षांनी, १९०३ मध्ये, त्याच पुण्यातून टिळक आर्यांचं मूळ घर उत्तर ध्रुवाकडे नेत होते, अर्थात गौरवाने. सिद्धान्त एक, पेठा वेगळ्या. आंबेडकरांनी १९१६ मध्ये कोलंबियात वाचलेल्या निबंधातच जातीचं वांशिक स्पष्टीकरण बाजूला सारलं, आणि १९४८ मध्ये नासिकांकाचेच आकडे घेऊन ते मोडून काढलं.

इरावती कर्वे बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली कवट्या मोजायला गेल्या आणि गुरूंना हवा होता तो वांशिक निष्कर्ष न काढता परतल्या. पुढे त्या डेक्कन कॉलेजात आल्या, आणि त्यांच्या विद्याशाखेला आपण आजही ‘मानववंशशास्त्र’ म्हणतो. ‘मानवशास्त्र’ हा आटोपशीर पर्याय हाताशी असताना! नावात काय आहे म्हणणाऱ्यांनी हा ‘वंश’ तिथे काय करतोय ते सांगावं. माझ्या मते तो कंपासाच्या काळाचा अवशेष आहे.

असो. प्रबंधिकेत एक अडचण नक्की येणार: ‘वांशिक’ आपल्याकडे दोन कामं करतो, ‘रेशियल’चं आणि ‘एथ्निक’चं. मणिपूरच्या बातम्यांतला ‘वांशिक हिंसाचार’ हा शरीराच्या ठेवणीवरून पाडलेल्या वंशांचा नसतो, तिथे भाषा, जमात, भूभाग यांवरून ओळखले जाणारे गट असतात. त्या अर्थी ‘वंशसांस्कृतिक’ वापरा, पहिल्याच प्रकरणात व्याख्या द्या आणि मग शेवटपर्यंत बदलू नका. जन्माने आलेल्या परंपरेबद्दल बोलायचं असेल तर ‘कूळ’ आहे; संविधानाच्या सोळाव्या अनुच्छेदाच्या मराठी पाठात ‘वंश’ आणि ‘कूळ’ वेगवेगळे दिलेत. ‘सत्ता’वर तळटीप हवी, नाहीतर परीक्षक मंत्रालयात पोचतील. कोण कुठे उभं राहून पाहतंय या अर्थी ‘दृष्टिकोन’ लिहू नका, तो फार पातळ झालाय. दलित स्त्रीवादी मांडणीतून मराठीत ‘भूमिदृष्टी’ रुळला आहे, पुण्यात तो समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांच्या विद्यार्थ्यांकडून हमखास ऐकू येतो.

आणि मार्गदर्शक ऐकेनातच, तर शीर्षकात त्यांचा ‘वंशवादी’ राहू द्या, आत सगळीकडे ‘वांशिक’ ठेवा. शीर्षकाच्या पुढे ते सहसा जात नाहीत.